तलवारीच्या हाताकडची पाकळी

जवळ ये गो बाय. तो मोबाईल ठेव बाजूला आणि मावशीच्या पुढ्यात बसल्यासारखी हे वाच. मांद्र्याहून आमच्या गावात यायला बसने वेळ तो किती लागतो? आणि तू शेवटची आलीस कधी, गणपतीच्या चवथीला. वर परवा फोनवर मलाच शहाणपण, "मावशी, एका पाकळीसाठी देवळाकडे पाठ फिरवलीस?" पाकळी एकच होती, खरं आहे. पण तू तिथं नव्हतीस. मी होते. म्हणून ऐक.

सुरुवात पाकळीपासून नाही, परडीपासून आहे.

आठ वर्षांची असेन. आईने विणलेली नवी परडी डोक्यावर घेऊन डोंगर चढले, एकटीच. देवीची फुलं आमच्याच परडीतून आत जातात, आजीच्या आजीपासून. बांबू आमचा, हात आमचे. दम लागला म्हणून देवळाच्या पहिल्या पायरीवर टेकले. भट आतून ओरडला, "थंय रव! पायरेर नाका! परडी ठेव आनी फाटी सर." मी ठेवली. मागे सरले. त्याने तांब्यातलं पाणी परडीवर शिंपडलं, उरलेलं मी बसले होते त्या पायरीवर ओतलं. आणि परडी उचलून आत गेला. माझ्या आईच्या हातची वस्तू देवीच्या पायाशी. मी बाहेर, तापल्या चिऱ्यावर, एकदा हा पाय, एकदा तो पाय.

हे सगळं शालनने बघितलं. शालन म्हणजे गावकराची, देवळाच्या मानकऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची. डोंगर उतरताना माझ्यामागे धावत आली आणि काजूच्या झाडाखाली माझा हात धरला. म्हणाली, "हांव मोठी जालें काय तुका भितर व्हरतलें." मोठी झाले की तुला आत नेईन. मी विश्वास ठेवला. का नको ठेवू? माझी शाळा दुसरीत सुटली, पुढची अक्षरं तिनेच शिकवली, त्याच झाडाखाली, बांबूच्या काडीने धुळीत. आज हे लिहितेय ते तिच्याचमुळे. म्हणून तर जास्त लागतं.

मोठ्या झालो. तिचं लग्न गावातच झालं, माझं आमच्या वाड्यावरच. ती देवळाच्या कमिटीत गेली. मी परड्या विणत राहिले.

मग देऊळ नव्याने बांधायला काढलं. तेव्हा वर गाडी जात नव्हती. चिरे, रेती, पाणी, सगळं माणसांच्या डोक्यावरून. आमच्या वाड्यावरच्या बायका रोज चढल्या. माझ्या मानेला तेव्हापासून कळ आहे, तुला माहीत आहे. कमिटीचा अध्यक्ष आमच्या अंगणात येऊन बोलून गेला होता, "देऊळ पुरं जाऊं दी, मग दिवजां तुमी पण भितर घेऊन या." शालन त्याच्या शेजारी उभी. हसत होती. दिवजांच्या रात्री गावच्या सवाष्णी मातीचं पाच वातींचं दिवजं हातात धरून देवीभोवती फिरतात. आम्ही मात्र दीपस्तंभापाशी थांबायचं, तिथूनच हात जोडायचे. एवढंच मागत होतो आम्ही. आत एक फेरी.

देऊळ पुरं झालं. संगमरवर, पितळेचे दरवाजे. आणि अध्यक्षाला एकाएकी देवी आठवली. "आमची ना नाही. पण देवीला विचारूया. कौल लावूया."

शालन घरी येऊन सांगून गेली, "भियेव नाका गो. हांव थंय आसां." भिऊ नको, मी आहे तिथं.

कौल तुला ठाऊक आहे. भट देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही वाड्यावरच्या बारा जणी देवळाच्या अंगणात. आता अंगणात मोठा टीव्ही लावलाय, जत्रेच्या गर्दीला गाभारा दिसावा म्हणून. आमची देवी उजव्या हातात तलवार धरते. मी त्या हातावरून नजर हलवली नाही.

तलवारीच्या हाताकडची पाकळी पडली.

बारा जणींनी बघितलं. माझ्या सुनेने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. आणि टीव्ही काळा झाला. आतून भटाचा आवाज आला, "डावी!"

मी ओरडले, "उजवी पडली! तलवारीकडची!"

अध्यक्ष दारात आला. "टीव्हीर उलटें दिसता गो. तुमका कळचें ना."

"तलवार पण उलटी धरली काय तिने?" मी म्हटलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तो नाही हसला.

शालन गाभाऱ्याच्या उंबऱ्यालगत बसली होती, देवीपासून चार हातांवर. मी तिला हाक मारली. "शालन, तू सांग. खंयची पडली?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला. मग म्हणाली, "डावी."

घरी तुझा मावसा म्हणाला, "क्रिकेटात तरी परत दाखवतात." आणि न जेवता उठला.

आठवड्याने शालन दारात. दिवजांसाठी नव्या परड्या हव्या होत्या. "राग धरू नाका गो. देवीची इच्छा."

मी बांबू सोलायची विळती खाली ठेवली. "इथं भट नाही, अध्यक्ष नाही. खंयची पडली, शालन?"

तिने मागे वळून वाटेवर कोणी आहे का ते बघितलं. मग हळूच म्हणाली, "आमका ह्या गावांत रावपाचें आसा."

"आणि आम्ही कुठं राहतो?"

भटाने पायरीवर पाणी ओतलं त्या दिवशी मला वाटलं होतं, देवीलाच आम्ही नको. पन्नास वर्षं तेच ओझं मी डोक्यावरून वाहिलं, चिऱ्यांसारखंच. त्या क्षणी उतरलं ते. देवी कधीच नाही म्हणाली नव्हती. नाही म्हणणारी ही माणसं. आणि त्यांच्यात माझी शालन.

मी म्हटलं, "परडी मिळायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. माझ्या हातची मिळणार नाही, सुनेच्या हातची मिळणार नाही. आत मी चालत नाही तर माझे हातही चालत नाहीत."

"मग फुलां कशांत व्हरतले?"

"प्लास्टिकच्या टबात न्या."

ती गेली. मी चहा विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा बाय, एका पाकळीसाठी नाही हे. आणि पाठ मी देवळाकडे फिरवलेली नाही, ते फोनवर नीट सांगता आलं नाही मला. यंदाच्या दिवजांना मी चढणार आहे. दीपस्तंभापाशी थांबणार नाही. कौल मागणार नाही, कोणाला विचारणार नाही. देवीने सांगायचं ते सांगून झालंय, बारा जणींनी बघितलंय. भट पाणी ओतेल तर ओतू दे, ओल्या पायरीवरून चढेन. शालन उंबऱ्यात बसलेली असेल तर तिला ओलांडून जाईन.

दिवजांच्या आदल्या दिवशी ये. पोदेराच्या भट्टीतले चार गरम उंडे पाव आण, मावशाला आवडतात. कुंभाराकडून दिवजी आणून ठेवलीत, तुझंही आहे. चढण आहे, पायात घट्ट चप्पल घाल. वर पोचल्यावर काढायची ती पायरीवर नाही, दाराशी. ये लवकर.