डेल्मिराने बसवलेली तालीम

मोंतेविदेओच्या कार्निव्हलमध्ये मी उभी हयात गायलो, नाचलो, तोंडाला रंग फासून मंत्र्यांची टिंगल केली. आमच्या फडाचे सगळे कपडे डेल्मिरा शिवायची. माझा घेर दर हंगामात वाढायचा आणि ती काही न बोलता शिलाई उसवून ठेवायची. असं माणूस रंगमंचाला क्वचित मिळतं.

तिची नऊ वर्षांची मुलगी यामिला मात्र शाळेत टिकेना. गोंगाट वाढला की ती कान झाकून बाकाखाली शिरायची आणि किंचाळायची.

"लाड कमी करा," वर्गाच्या बाई म्हणायच्या.

"आमच्याकडे अशांची सोय नाही," दुसऱ्या शाळेने सांगितलं. तिसरीने तर फोनच उचलला नाही.

शेवटी सायागो भागात एक छोटी शाळा सापडली. मोजकी मुलं, शांत खोल्या, सहन झालं नाही तर बागेत जाऊन बसायची मुभा. जागा एकच शिल्लक होती. डिसेंबरात मुलीला भेटायला बोलावलं.

डेल्मिरा पडली कार्निव्हलवाली. स्पर्धेआधी आमची परीक्षकांसमोर चाचणी होते. जो फड उत्तम करून दाखवील तो आत. तिने इथेही तेच धरलं. शाळेच्या पांढऱ्या झग्याला खळ दिली, गळ्यात निळा बो बांधला आणि रोज तालीम सुरू केली.

"पोरीला जरा मोकळी सोड गं," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा, म्हातारबा. तुम्हाला तालमीशिवाय कुणी उभं केलं असतं का?"

यामिला मुलाखतीत ताठ बसली, डोळ्यांत बघून उत्तरं दिली, जाताना आभारही मानले.

मुख्याध्यापिका खूश झाल्या. "हिला कुठलीही शाळा चालेल हो. ही जागा आम्ही खरी गरज असलेल्याला देतो."

"बाई, ती अशी नाहीये. मी पढवलंय हे सगळं."

"पढवून जमतं ना? मग काळजी कसली?"

बाहेर बसथांब्यावर पोर फुटपाथवर कोसळली आणि बस गेली तरी किंचाळत राहिली. डेल्मिराने तिला तशीच उचलून परत नेलं, तर फाटक बंद. सोमवारी गेली, तेव्हा बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हळहळल्याही. जागा भरली होती. पुढच्या वर्षी या, म्हणाल्या.

मार्चमध्ये नवं वर्ष सुरू झालं आणि यामिला त्याच जुन्या शाळेत गेली. डेल्मिरा फाटकाबाहेर पायरीवर शिवण घेऊन बसते. थोड्या वेळाने आतून किंचाळी येते, खिडकी उघडते आणि वर्गाच्या बाई डोकावतात.

"डेल्मिरा, या बरं आत."

"आलेच," ती म्हणते, आणि दातांनी दोरा तोडते.