शेवटचा अर्धा फेरा

बावीसराव हे नाव मीच ठेवलं. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकणाखाली पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. तो फिरवायला बावीस फेरे लागतात. हा गृहस्थ सव्वीस वर्षं रोज सकाळी कमरेएवढी चावी खांद्यावर टाकून यायचा आणि मोठ्याने फेरे मोजायचा. आमच्याच गल्लीत राहतो, त्यामुळे पाणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी लोक त्याचं दार ठोठावत.

मी त्याच्या बायकोला विचारायचो, "वहिनी, हा घासही मोजतो का हो?"

"मोजतो. आणि शेवटचा अर्धा ताटात ठेवतो."

त्या अर्ध्याला कारण होतं. पाणी बंद करताना तो साडेएकवीसवर थांबायचा. "जुना माल आहे," म्हणायचा. "शेवटचा अर्धा आवळला की आतला पडदा रुतून बसतो. मग तुझा आजा आला तरी उठत नाही." त्यामुळे गल्लीच्या उतारावर सगळ्यांत खाली शिवणवालीचं घर आहे, तिथला नळ दिवसभर दोऱ्याएवढा वाहायचा. ती कुरकुरायची, आम्ही हसायचो.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी आमच्या कोपऱ्यावर लष्कराचा एक ट्रक जळाला. मेलं कुणी नाही. दुपारी साहेब आला, सगळ्यांना घराबाहेर उभं केलं आणि सांगितलं, पेटवणारा हाती लागेपर्यंत या गल्लीचं पाणी बंद. अडतीस घरं. त्यात अंथरुणाला खिळलेला घड्याळजी आणि शिवणवालीची सून, एकोणीस दिवसांची ओली बाळंतीण.

बावीसरावाने विचारलं, "साहेब, कुणी जाळला ते ठाऊक नाही, मग शिक्षा कुणाला?"

"ठाऊक नाही म्हणूनच सगळ्यांना," साहेब म्हणाला. अगदी शांतपणे, हिशेब समजावून सांगावा तसं.

बावीसरावाने चावी लावली. त्या दिवशी फेरे मनातच मोजले. निवृत्त मास्तर त्याच्या पाठीमागे थुंकले. "घरच्यांवरच चावी फिरवलीस ना रे?"

पण हात सव्वीस वर्षांचा. तो साडेएकवीसवरच थांबला. मुद्दाम की सवयीने, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शिवणवालीचा नळ दोऱ्याएवढा वाहत राहिला. दिवसभरात तीन बादल्या भरत. आधी बाळंतिणीचं, मग पाळीपाळीने घरटी एक तांब्या. बाकी दोन मैलांवरची विहीर, तीही शिपायांनी जाऊ दिलं तर. गंमत म्हणजे त्या आठ दिवसांत गल्लीत कुणी कुणाशी भांडलं नाही.

आता माझं तोंड. नवव्या दिवशी नाक्यावरच्या चहावाल्याकडे मी बसलो होतो. त्याने विचारलं, तुम्ही अजून जिवंत कसे? मी म्हणालो, "हुकूम साहेबांचा, पण अर्धा फेरा आमच्या बावीसरावांचा." चहावाला हसला. मागच्या बाकावर एक शिपाई बशीतून चहा पीत होता. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी साहेब झाकणापाशी उभा. बावीसराव हात जोडून म्हणत होता, "मला काय करायचं ते करा. हा अर्धा तेवढा आवळू नका. पुन्हा उघडायचा नाही."

"पुन्हाचं पुन्हा बघू."

चावीच्या दांड्यात पाइप अडकवून दोन शिपाई लोंबकळले. आत काहीतरी कट्‌कन वाजलं. बावीसरावाला गाडीत घालून नेलं.

मग आम्ही काय केलं? शिवणवालीचा नळ आटला त्या संध्याकाळी गल्लीने ठरवलं की दोष बावीसरावाचा. बंद करायचं तर नीट करायचं, नसतं शहाणपण कशाला? विहिरीवर वहिनी आल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "तुम्ही शेवटी उभ्या राहा." वहिनींनी काय केलं होतं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. एरवी बंद होत नाही ते माझं तोंड तेव्हा बंद होतं. बाळंतिणीचं दूध आटलं. शिवणवालीने सुनेला आणि नातीला हातगाडीवर घालून नाक्यापलीकडे तिच्या माहेरी पाठवलं. अजून त्यांची खबर नाही.

बावीसरावाला नेल्यापासून सहाव्या दिवशी कळलं, ट्रक लष्कराच्याच ड्रायव्हरने पेटवला. डिझेलच्या डब्याशेजारी स्टोव्ह ठेवून अंडी उकडत होता. साहेबाने भिंतीवर कागद लावला, 'पाणीपुरवठा पूर्ववत करण्यात आला आहे.' खाली सही, शिक्का. माफीबिफीचा शब्द नाही, कारण शिक्षाही कागदावर कधी नव्हतीच.

बावीसरावाला सोडलं ते थेट व्हॉल्व्हवर. एक डोळा सुजून बंद. चावी लावली, हलेना. चौघे लटकलो, मास्तरसुद्धा. शेवटी आतला दांडा तुटून चावीबरोबर वर आला. कचेरीत तक्रार नेली तर कारकुनाने वही दाखवली. पाणी सुरू असल्याची नोंद होती. सुरू असलेलं पाणी सुरू कसं करणार?

चार महिने झाले. आम्ही विहिरीवर जातो. बावीसराव अजून रोज सकाळी झाकण उघडतो, तुटक्या दांड्यावर तेल सोडतो आणि बसून राहतो. मोजायला काही नाही.

काल रांगेत मी म्हटलं, "वहिनी, या ना पुढे."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही भरून घ्या."

नाक्यावर कोण बोललं, हे गल्लीत अजून कुणी विचारलेलं नाही. मी हंडा भरला.