मास्तरांनी तपासलेलं चिनी विमान

कापड हाती आलं की मास्तर ते आधी उलटं करत. समोरची बाजू कितीही देखणी असो, तिच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. "पुढची बाजू गिऱ्हाइकाला," ते म्हणत, "पाठ आपल्याला." पाठीवरचे धागे चाचपून चादर कुणाच्या कारखान्यातली, नक्षी मुळात कुणाची आणि ती किती धुण्यांत विरेल, हे ते सांगून टाकत. असे जाणकार तुम्हीही पाहिले असतील. सोलापुरात तर ते गल्लोगल्ली होते, पण मास्तरांइतका हट्टी दुसरा नव्हता.

शहराच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात ते नक्षी काढायचे आणि मी तिथे कारकून होतो. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि रागावले की दोन्ही, अशी त्यांची भाषा. चौकटीच्या कागदावर मोर काढता काढता ते मला चहा पाजत आणि माझ्या अक्षराला नावं ठेवत.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा एकुलता मुलगा गेला. तो हवाई दलात होता, पण वैमानिक नव्हे. पश्चिमेकडच्या एका तळावर विमानांत इंधन भरायचा. शत्रूची विमानं आली तेव्हा बाकीचे खंदकात शिरले. इंधनाची गाडी आपल्या विमानांना खेटून उभी होती. ती पेटली असती तर विमानांची रांगच्या रांग पेटली असती. तो गाडी दूर नेऊ लागला आणि नेता नेताच गेला. त्याच्याबरोबरचा एक जवान घरी येऊन हे सांगून गेला. हल्ला करणारं विमान शत्रूने चीनकडून घेतलेलं, चिनी बनावटीचं होतं, हेही त्यानेच सांगितलं.

समाचाराला येणाऱ्यांची जीभ मात्र सैल. "चिनी माल त्यो, मास्तर. नुसतं खेळणं. नशीबच खोटं, दुसरं काय!" धीर द्यायलाच म्हणत बिचारे. मास्तर ऐकून घेत. मग एके दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"खेळण्यासमोर मेला म्हंतात. म्हंजे माझं पोरगं येडं हुतं की काय? ते इमान कुटलं, त्याच्यात काय दम हाय, मला बगायचं हाय. तुमी इंग्लिश वाचा, मी ऐकतो."

झालं, माझ्या डोक्याला ताप. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून ते इंग्रजी मासिकं आणू लागले. विमानाचं चित्र दिसलं की पुरे, मग आत काहीही असो. एकदा पिकांवर औषध फवारणारं विमान घेऊन आले. मी हसलो तर म्हणाले, "हसा की. पण वाचा."

वाचता वाचता पहिली गोष्ट कळली ती अशी, की ते विमान मुळात चिन्यांचं नव्हतंच. आराखडा रशियाचा, मिग घराण्यातला. दोघांची दोस्ती होती तेव्हा तो चीनला मिळाला. पुढे भांडण झालं, तरी विमान बनतच राहिलं. मास्तर खट्टू झाले. आमच्या धंद्यात नक्कल म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकाचा मोर खपू लागला की गल्लीभर तोच मोर, फक्त सूत कमी घातलेलं.

"नक्कल करणारा सूत चोरतो," मास्तर म्हणाले. "मंग लोकं म्हंतात ते खरंच की." त्या दिवशी त्यांनी भाकरीचा डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

पण मास्तरच ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "सूत कुटं चोरलं, ते दावा."

आम्ही शोधलं, तर चोरी सापडेना. शेजारी शेजारी दोन इंजिनं, आवाजाच्या पुढे पळणारा वेग, आणि तीन मोठ्या तोफा, एक नाकापाशी, दोन पंखांच्या मुळाशी. उणं एकच, इंजिनं लवकर झिजत आणि वरचेवर दुरुस्तीला उतरवावी लागत. मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हंजे चादर लवकर इरंल. पण पहिल्या थंडीत ऊब देईल का न्हाय? देईलच की!" मग आपण होऊनच म्हणाले, "माझा मोर तरी कुटं माझा हाय? भायेरची एक चादर धागा धागा उसवून शिकलो. उसवतो त्यो शिकतो. त्याला हसू नये."

आपल्याकडची मिग विमानंही रशियाचीच, हे कळल्यावर तर ते खदखदून हसले. "एकाच मागावरची की दोन्ही!" मुलगा गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

पुढच्या गणपतीत गल्लीच्या मंडळाने लढाईचा देखावा ठरवला. पोरांनी चिनी विमान केलं पतंगाच्या कागदाचं, दोरी ओढली की मोडून पडणारं, लोकांनी हसावं म्हणून. मास्तर मांडवात गेले आणि म्हणाले, "हे काढा."

मंडळाचे अध्यक्ष आमच्याच कारखान्यात सूत रंगवायचे. ते म्हणाले, "मास्तर, शत्रूला मोटं करून दावायचं व्हय? लोकं काय म्हंतील?"

"शत्रूला ल्हान केलं की आपली मेलेली माणसं बी ल्हान व्हत्यात."

अध्यक्षांनीच पोरांना खूण केली. पोरांनी कागदाचं विमान उतरवलं.

मास्तरांनी चौकटीच्या कागदावर आराखडा काढला आणि बांबू नि पत्र्याचं विमान उभं केलं. त्यासाठी मांडवाची एक कनात सोडावी लागली. रोज संध्याकाळी ते त्याच्यापाशी उभे राहत आणि येईल त्याला मराठीत, तेलुगूत, अक्कलकोटकडचा असला तर मोडक्या कानडीत सांगत, मूळ रशियाचं, बनावट चिनी, आयुष्य थोडं, दम भरपूर. लोकांना आरतीची घाई असे, पण मास्तर सोडायचे नाहीत. देखाव्याचं बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते दुसऱ्या एका मंडळाच्या कारंज्याला गेलं.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला विसर्जनाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आठवते. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. मुलगा गेल्यापासून अक्कांनी उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी त्या एकट्याच मांडवात आल्या, गणपतीला हात जोडले आणि विमानासमोर उभ्या राहिल्या. मग तेलुगूत विचारलं, "एवढं होतं?"

"याच्याहून कितीतरी मोठं," मास्तर म्हणाले.

"आणि तो पळाला नाही?"

"नाही."

अक्कांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. तेवढ्यात लेकरंबाळं घेऊन एक कुटुंब मांडवात शिरलं. मास्तर नेहमीप्रमाणे सांगायला वळले. पण त्यांच्या आधी अक्काच पुढे झाल्या. त्यांना मराठी तुटकंच येई.

"जवळ या, नीट बगा," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरानं ह्याच्यासमोरनं गाडी काढली."