अक्काच्या प्लेटलेट्स

वांग्यांची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याजवळच्या आमच्या माहेरच्या शेतात भरीत ठरलं होतं, आणि त्यासाठी हिरवी वांगी जळगावहून मी न्यायची, हा आमचा जुना शिरस्ता. तेवढ्यात धुळ्याहून अक्काच्या सुनेचा, मनीषाचा फोन आला. “मावशी, आई गेल्या...” अक्का माझी मोठी बहीण. पुढे मनीषा काय बोलली ते मला आठवत नाही.

अक्का धुळ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. वर्गात पुस्तकी मराठी, घरात मात्र ठार अहिराणी. फार वर्षांपूर्वी अशाच भरताच्या दिवशी कांद्याची पात चिरताना माझं बोट चांगलंच कापलं. कॉलेजात जाणारी मुलगी मी, पण रक्त बघून भोकाड पसरलं. अक्काने बोट घट्ट दाबून धरलं. “उगी ऱ्हाय. तठे पहिली प्लेटलेट चिकटनी शे. एकली ती काय करी? आते बठ्ठीस्ले बलावस ती.” म्हणजे आता ती बाकी सगळ्यांना बोलावणार. मग तिकडे विस्तवावर वांगी भाजली जात असताना इकडे तिची शिकवणीच सुरू झाली. या इवल्याशा पेशींच्या पोटात बारीक पिशव्या असतात. पेशी जखमेला चिकटली की त्या पिशव्या रित्या होतात. त्यातलं काही बाकीच्या पेशींना जवळ बोलावतं, काही रक्तवाहिनीला आकसायला लावतं, काही जखम भरून यायला मदत करतं. एवढं सगळं माझ्या बोटात चाललंय हे ऐकून मी रडायचंच विसरले. विषय मला कधी आवडला नाही. सांगणारी मात्र फार आवडायची.

पुढे अक्काच्या हृदयात स्टेंट बसला आणि प्लेटलेट्सनी गुठळी करू नये म्हणून रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. “जन्मभर यांचं गुणगान केलं, आता यांचंच तोंड बांधायचं,” म्हणून ती हसायची. पण गेल्या वर्षी भरताच्या वेळी तिचं बोट कापलं आणि रक्त काही केल्या थांबेना. सगळे जेवण सोडून तिच्याभोवती. तिला फार ओशाळल्यासारखं झालं. पात चिरायला दुसऱ्या कोणाला बसू देणं तर तिला जमणारच नव्हतं. म्हणून यंदा कोणालाही न सांगता तिने आधीचे काही दिवस गोळ्याच बंद केल्या. मनीषाला पाकीट तसंच सापडलं. डॉक्टर म्हणाले, स्टेंटमध्ये गुठळी झाली. बोट कुठे कापलं नव्हतं, तरी आत कुठेतरी एकीने हाक मारली आणि बाकीच्या धावून आल्या... मला तिचा राग आला. अजून येतो. इतकी शिकलेली बाई, आणि भरतापायी!

सुतक फेडणारी गंधमुक्ती उरकून मी जळगावला परतले. माझी रक्तदाबाची गोळी मी विसरते, म्हणून दिवाळीत तिने माझ्या फोनमध्ये गजर लावून दिला होता, तोही स्वतःच्या आवाजात. रोज सकाळी स्वयंपाकघरात ती खडसावते, “शालू, गोयी खादी का?” मुलगा म्हणतो, बंद करून देऊ का? मी नको म्हणते. गोळी घेते, वर पाणी पिते आणि रोज तिला उलट विचारते, “आनि तू खादी का वं?”