मिस्त्रींच्या गळक्या खिडक्या

आमच्या इमारतीच्या सगळ्या सरकत्या खिडक्या मिस्त्रींनी बसवल्या. वय बासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. बोलणं कमी, काम चोख. तरी यंदा पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि घरोघरी खिडकीखाली बादल्या आणि जुने टॉवेल मांडले गेले. सेक्रेटरींनी जाहीर केलं, "मागच्या विंगचं काम या माणसाला द्यायचं नाही." मिस्त्रींच्या हातात दुसरं काम नव्हतं.

ते तिसऱ्यांदा आमच्याकडे आले. भिंतीला धरून खाली बसले, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि काच जिच्यावर सरकते ती खालची पट्टी चाचपू लागले. पट्टी पाण्याने तुडुंब होती.

"साहेब, हिची बाहेरची भोकं कुणी बुजवली?"

"ह्यांनीच," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "अख्खा रविवार सिलिकॉनची नळी घेऊन बसले होते."

"पहिल्याच सरीत तिथे पाणी दिसलं. तिथूनच शिरत होतं," मी म्हणालो.

"शिरत नव्हतं साहेब, निघत होतं. वाऱ्याच्या पावसात पट्टीत पाणी पडणारच, ते जायला ती भोकं. मोरीत बोळा कोंबायचा आणि नळाला शिव्या द्यायच्या, असं झालं हे!"

बायको खळखळून हसली. मला हसता येईना. भोकं बुजवण्याची सूचना, आकृतीसह, मीच टाइप करून प्रत्येक मजल्यावर लावली होती. लोकांनी ती मनापासून पाळली होती.

"सेक्रेटरींना सांगा ना हे," मी म्हणालो.

"मी सांगितलं तर म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. आणि दारोदार भांडायला आता त्राण नाही."

टोच्याने त्यांनी एक भोक मोकळं केलं. पाण्याची बारीक धार बाहेर लागली. मग न उठताच, बसल्या बसल्या ते पुढच्या खिडकीकडे सरकले.

संध्याकाळी मी दुसरी सूचना टाइप केली: पहिली सूचना चुकीची होती, पाणी माझ्यामुळे आलं, मिस्त्रींमुळे नाही. खाली सही केली.

सेक्रेटरींनी ती दोनदा वाचली. "नावासकट लावायची?"

"नावासकट."

"लोक तोंडावर हसतील हो."

"हसू देत. मागच्या विंगचं बोला."

"आधी पाणी थांबू दे."

पुढचे दोन दिवस टोचा घेऊन मी घरोघर फिरलो. चौथ्या मजल्यापर्यंत कंबर धरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता आणखी काही सुचवू नका बाई!" तिसऱ्या दिवशी दुपारभर मुसळधार कोसळला, आणि बादल्या कोरड्या राहिल्या. सेक्रेटरींनी मान हलवली.

मिस्त्रींना मी जिन्यातच गाठलं. "मागची विंग तुमचीच."

ते पायरीवर टेकले. थोडा वेळ गुडघा चोळत राहिले.

"किती खिडक्या?"

"अठ्ठेचाळीस."

"बरं," ते म्हणाले. "तिकडची लिफ्ट चालू आहे ना?"