पाठीचं माप

आमच्या जिममध्ये दुपारच्या बॅचला येणाऱ्या सगळ्या बायकांना वजन उतरवायचं असतं. कुणाला मुलीच्या लग्नात बारीक दिसायचं असतं, कुणाला डॉक्टरनं साखरेचा धाक घातलेला असतो. पहिल्या दिवशी तिथल्या मॅडमनं मलाही विचारलं, "काकू, किती कमी करायचंय?" मी म्हणाले, "एक किलोसुद्धा नाही. कमी झालं तर मला शिरूर सोडावं लागंल." ती हसली. मला थट्टा करायची सवय आहे, त्यामुळे मी खरं बोलले तरी लोक हसतात.

पण ते खरंच होतं. आमचे हे गेले ते झोपेतच गेले, आणि त्यानंतरच्या वर्षात मी इतकी वाळले की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मूलबाळ नाही. माझा थोरला भाऊ दौंडला असतो, दादा. वर्षश्राद्धाला आला तेव्हा मला बघून तो जेवलाच नाही. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "हे बघ, काटा पन्नासच्या खाली आला की मी टेम्पो घेऊन येणार. तुजी मशीन, भांडी, समदं भरून दौंडला न्हेणार. मग रडून उपयोग न्हाई." नुसतं बोलून थांबला नाही. घरी जाऊन त्यानं वरच्या खोलीला चुना मारून घेतला, नवा पंखा बसवला, आणि वहिनीनं मला फोनवर खोलीचा फोटोही पाठवला.

दौंडला गेले असते तर मला कुणी उपाशी ठेवलं नसतं. वहिनी अबोल, पण मनानं वाईट नाही. पण तिथं मी बिचारी आत्या झाले असते. पाहुणे आले की हळू आवाजात माझ्याबद्दल सांगितलं असतं, आणि मी पोहे घेऊन बाहेर आले की सगळे एकदम उसाच्या भावावर बोलायला लागले असते. शिरूरला मी टेलरबाई आहे. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, त्याच्या मागं दोन खोल्या आहेत आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. हे घर मी आणि ह्यांनी मिळून उभं केलं. ते मी सोडणार नव्हते.

म्हणून दर रविवारी सकाळी दादाचा फोन यायचा. रामराम नाही, काही नाही, सरळ "काटा काय म्हणतोय?" मी म्हणायचे, "बावन्न." तो म्हणायचा, "खोटं बोलू नको." मग मी चिडायचे, तो चिडायचा, आणि त्या भांडणातच आमच्या गप्पा व्हायच्या. वहिनीचे गुडघे, उसाला पाणी, पोरीला आलेलं स्थळ, सगळं मला त्या भांडणातूनच कळायचं. फोन ठेवला की मी म्हणायचे, सुटले एकदाची.

जिमचं खूळ डोक्यात शिरलं ते हातामुळे. कापड बेतताना कात्री थरथरायला लागली. कात्री थरथरली की टेलरचं सगळंच गेलं. डॉक्टर म्हणाले, हाताला काही रोग नाही, ताकद नाही, जरा वजनं उचला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आधीच उसाचं चिपाड, आन् त्यात जिम." मलाही तीच भीती होती. व्यायामानं माणूस वाळतो एवढंच आपल्याला माहीत.

जिम नगर रोडवर खताच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना युरियाचा वास येतो आणि वर गेलं की चारी बाजूंनी आरसे. माझ्या घरात तोंडापुरता आरसा, दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक उभा, तोही माझ्याकडं पाठ करून. इथं मात्र जिकडं बघावं तिकडं मीच. पहिले काही दिवस मी खालीच बघत होते. मॅडम पाबळची, कबड्डी खेळलेली. तिनं मला सांगितलं, "काकू, जेवण वाढवा. अंडी, हरभरे, दही, शेंगदाणे. तुम्हाला फक्त घट्ट व्हायचंय, बारीक नाही."

खायला सांगणं सोपं आहे. एकट्या माणसाला भूक लागत नाही, जेवायची वेळ होते फक्त. दोन अंडी उकडायची, सोलायची, मीठ लावायचं, आणि समोर कुणी नसताना ती दोन्ही संपवायची, हे मला त्या लोखंडाच्या वजनांपेक्षा जड जायचं. ताट घेऊन मी मोबाईल समोर उभा करायचे आणि कुठल्या तरी अनोळखी बाईनं केलेली भाजी बघत माझी भाजी खायचे. कधीकधी घास तोंडातच राहायचा. मग दादाचा टेम्पो आठवायचा आणि मी गिळायचे. टेम्पोच्या भीतीनं जेवणारी शिरूरमध्ये मी एकटीच असेन.

बाकीच्या बायका व्यायाम करताना नवऱ्याला नावं ठेवायच्या. घोरतात, भाजीत मीठ कमी म्हणतात, टॉवेल पलंगावर टाकतात. मी ऐकत राहायचे. एकदा एकीनं विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" मी सांगितलं. त्यानंतर मी जवळ असले की त्या नवऱ्यांना शिव्या देईनाशा झाल्या. त्यांचं चांगुलपणच ते, पण माझी करमणूक गेली.

महिने गेले आणि काटा बावन्नला खिळल्यासारखा बसला. इतर बायका अर्धा किलो उतरलं म्हणून पेढे वाटत होत्या. माझं ना चढलं, ना उतरलं. मॅडम म्हणायची, "काकू, आत बदल होतोय, तो काट्याला कळत नाही." मला वाटायचं, फी घेते म्हणून बोलते बिचारी. कात्री थरथरायची थांबली होती हे खरं. कापडाचं ठाण मी माळ्यावर एकटी चढवत होते हेही खरं. पण वजन तेच म्हणजे मीही तीच, असा माझा साधा हिशेब.

तशात दादाच्या पोरीचं लग्न ठरलं. घरच्या झाडून सगळ्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडं आले. आमच्याकडं ओळखीच्या बाईला टेलर दर वेळी टेप लावत बसत नाही. बाई येते, चांगला बसणारा जुना ब्लाउज देते, म्हणते, "हा मापाला ठेवा." त्यावरून नवा बेतायचा. माझ्याकडं अशा मापाच्या ब्लाउजांची भरलेली ट्रंक आहे. त्यात माझाही एक आहे. हे होते तेव्हा शिवलेला, त्यांनीच टेप धरून माझ्या पाठीचं माप घेतलं होतं, कारण टेलर कितीही हुशार असली तरी स्वतःच्या पाठीचं माप तिला स्वतःला घेता येत नाही. एक टोक धरावं तर दुसरं निसटतं. त्या एका ब्लाउजवरून मी आजवर माझे सगळे ब्लाउज शिवले.

लग्नाचाही त्यावरूनच शिवला. सगळ्यांचे संपवून शेवटी, घाईत. घालून बघितला नाही. जिममुळे रोज सैल पंजाबी ड्रेसच घालत होते, त्यामुळे ब्लाउज अंगाला लागलाच नव्हता. काटा बावन्नवर आहे, तेव्हा माप बदलायचं कारणच काय? पंचवीस वर्षं दुसऱ्यांची अंगं मोजणारी मी, स्वतःच्या अंगाबाबत वजनकाट्यावर विश्वास ठेवून बसले. पिशव्या भरल्या आणि न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं दौंड गाठलं.

लग्नाच्या सकाळी त्याच वरच्या खोलीत मी कपडे करायला गेले. ब्लाउज दंडाच्या वर जाईना. ओढून ताणून घातला तर हूक आणि काजाची गाठ पडेना, आणि गंमत म्हणजे कमरेला दोन बोटं सैल. काढावा तर निघेना. खाली वाजंत्री सुरू झालेली आणि मी दोन्ही हात अडकवून उभी. शेवटी दार जरासं उघडून वहिनीला हाक मारली.

वहिनी आली, दाराला कडी लावली. माझ्या पिशवीतला टेप आणि छोटी कात्री काढली. जास्तीचं कापड मी आत सोडलेलं असतं, ते तिला माहीत होतं. तिनं अंगावरच दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि मग टेप माझ्या पाठीवर आडवा धरला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. टेप सरळ करायला तळहात फिरवला. फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

"ताई, ही तुमची पाठ हाय?" ती म्हणाली. "पैलवानाची वाटती की ओ."

मला हसायला हवं होतं. त्याऐवजी मला रडू फुटलं. तीन वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. रोज मी बायकांच्या पाठी, खांदे, दंड मोजते, हात वर करा, श्वास सोडा म्हणते, आणि मला कुणी हात लावत नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. वहिनीला वाटलं ब्लाउजसाठी रडते. "आसं काय करता, हाय की कापड, आत्ता करते," म्हणत तिनं सुईत दोरा ओवला आणि मला तसंच उभं करून पाठीवरच टाके घातले. तिनं घाई करू नये असं मला वाटत होतं. ती भराभर शिवत होती.

लग्न लागलं. संध्याकाळी पाठवणीला टेम्पोत सामान चढवायचं होतं. नवरीची पोलादी ट्रंक उचलायला दोन गडी हवे होते आणि एकच होता. मी सहज दुसरी बाजू धरली आणि ट्रंक वर ठेवली. खाली वळले तर दादा बघत होता. त्यानं माझा दंड धरून दाबून बघितला, बाजारात बैल बघतात तसा. मग चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "मला वाटायचं ही खोटं सांगती. ही तर आपल्यापेक्षा घट्ट हाय. आता हिची काळजी मिटली."

सगळे हसले, मीही हसले. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. टेम्पो माझ्या दाराशी कधी येणार नव्हता. जेवताना दादानं सांगितलं, रेल्वेत लागलेले दोघंजण खोली बघत होते, आता वरची त्यांना देऊन टाकतो, तुला काही लागत नाही. मी म्हणाले, "दे की, रिकामी ठेवून काय करणार?" वहिनीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि आणखी भात वाढला.

शिरूरला परत आले. त्या रविवारी फोन आला नाही. लग्नघर आहे, पाहुणे असतील, म्हणून मी मनाची समजूत घातली. पुढच्या रविवारसाठी मी शनिवारीच वजन करून तयार होते. बावन्नच. सकाळचा चहा झाला, अंघोळ झाली, दुकानाचं फडकं मारून झालं, फोन काही वाजला नाही. तिसऱ्या रविवारी मी जेवलेच नाही. भूक नव्हती, आणि भीतीही राहिली नव्हती. अंडी उकडलेली तशीच पातेल्यात. मला स्वतःचाच राग आला. ज्या टेम्पोला घाबरून मी सकाळ-संध्याकाळ घास गिळले, तो यावा असं मला वाटत होतं. जाणार नव्हते मी त्यात बसून, आजही जाणार नाही. पण तो येणार आहे असं कुणीतरी म्हणत राहायला पाहिजे होतं.

शेवटी दुपारी मीच फोन लावला. मागं पंपाचा आवाज होता, तो रानात होता.

"काय गं, काय झालं?" त्यानं घाबरून विचारलं.

"काही न्हाई. सहज केला."

"बरी हायस ना?"

"बरी हाय."

"मग झालं तर. मी म्हटलं काय काम निघालं."

तो फोन ठेवणार हे मला कळलं. मी घाईनं म्हणाले, "दादा, मी बरी असले तरी विचारत जा."

मग तो हसला, अगदी मायेनं.

"अगं, बऱ्या माणसाला काय विचारायचं?" तो म्हणाला.