भोंग्याने सांगितली मालाची खोट

खरं नाव त्याच्या लग्नात एकदा घेतलं गेलं असेल तेवढंच. एरवी लहानथोर सगळे त्याला भोंगाच म्हणत. तीनचाकी टेम्पोच्या टपावर दोन कर्णे बांधायचे, तोंडाशी माईक धरायचा आणि गल्लोगल्ली बोंबलत फिरायचं, हा त्याचा धंदा. चादरींचा सेल असो, सर्कस असो की कुणाची हरवलेली शेळी, भोंग्याच्या तोंडून गेलं की गावभर. जीभ तर अशी सैल, की पहिल्या धुण्यात रुमालाएवढी होणारी चादर तो नातवंडांपर्यंत टिकवायचा. "शेवटचे दोन दिवस" म्हणत त्याने एक सेल वर्षभर चालवला होता.

साथ आली तशी आरोग्य खात्याने त्यालाच धरलं. मास्क लावा म्हणून ओरडायचं. भोंग्याला वाटलं, जरा लाज काढावी. सुरू झाला, "या गल्लीत एकही माणूस मास्क लावत नाही! एकही नाही!" दुसऱ्या दिवशी जे चारदोन लावत होते त्यांनीही काढले. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "कोणीच लावत नाही असं तूच सांगतोस, मग मी एकट्यानेच कशाला येड्यासारखं दिसू?"

खात्याने मग एक चष्मेवाली पोरगी पाठवली. घाबरलेली माणसं कशी वागतात, याचंच तिने शिक्षण घेतलेलं. गल्लीने तिचं नाव पाडलं वागणूकबाई. ती भोंग्याला म्हणाली, "काका, जे लावतात त्यांचं सांगा." भोंग्याने शिंप्यापासून सुरुवात केली. "शिंपी मास्क लावतो" असं कर्ण्यातून गाजलं, मग लाजेकाजेस्तव त्याला मास्क लावावाच लागला. बघता बघता निम्म्या गल्लीची तोंडं झाकली.

पुढे लस आली, आणि भोंग्याचं घोडं घरातच अडलं.

घरात आक्का. थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला, बडवलेला. आता छातीत दमा, जिना चढली की भात्यासारखी वाजायची. तिच्यासारख्याच दम्याच्या दोघी मागच्या गल्लीत साथीत गेल्या होत्या. तेव्हापासून भोंग्याला आक्का खोकली तरी घास उतरत नव्हता.

"आक्का, टोचून घे ना गं."

आक्का भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण सांगतंय? तू? त्या चादरी अजून माझ्या माळ्यावर आहेत."

"अगं, चादरी वेगळ्या, लस वेगळी!"

"तोंड तेच ना?"

त्यात गल्लीतल्या बायका आक्काच्या तोंडाकडे बघणाऱ्या. ती टोचून घ्यायला गेली नाही तर त्याही जाणार नव्हत्या. भोंगा रोज ओरडत होता, "जादूची लस! एक टोचा, निर्धास्त नाचा!" आणि दवाखान्यात नर्सबाई माश्या मारत बसल्या होत्या.

वागणूकबाई म्हणाली, "काका, मालाची खोट सांगा."

"खोट? खोट सांगून कुणाचा माल खपलाय, बाई?"

"तुमच्या मालात आजवर एकही खोट निघाली नाही. म्हणून तर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही."

हे त्याला झोंबलं. पण आक्काचा खोकला त्याहून जास्त झोंबत होता. संध्याकाळी त्याने टेम्पो बरोबर आपल्या दारात उभा केला. माईक दोनदा उचलून खाली ठेवला. खोटं बोलताना कधी ठेवला नव्हता.

"ऐका हो! लस टोचली की दंड ठणकतो!"

पटापट खिडक्या उघडल्या.

"एखाद दिवस ताप येतो. अंग मोडून येतं. टोचून घेतली तरी रोग होऊ शकतो, पण मरायचं भय पुष्कळ कमी होतं. पुष्कळ म्हणजे किती, ते मला कळत नाही. डॉक्टरांना विचारा."

शिंपी धावत आला. "अरे, तब्येत बरी आहे ना तुझी?"

आक्का सुरी हातात घेऊनच उंबऱ्यावर आली. "सोबत फुकट काय देणार?"

"काही नाही."

"उद्या संपणार असेल."

"नाही गं. ढीगभर पडलीय. निवांत ये."

आक्काने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "सकाळी जाते. तू गाडी लांब ठेव, माझी वरात काढू नकोस."

गेली. रात्रीपासून तापाने फणफणली. भोंगा सकाळभर दाराबाहेर नखं खात उभा. शेजारणी गोळा झाल्या, "काय झालं, काय झालं?"

आतून आक्का गरजली, "ताप आलाय! दंड ठणकतोय! मेला शब्दन् शब्द खरा बोलला!"

एवढ्या आनंदाने तापाची बातमी कुणी दिली नसेल. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर खोचले आणि निघाल्या दवाखान्याकडे.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तसं आक्काने भोंग्याला हाक मारली. "आणि हे पण सांग माईकवर. सैल बाह्यांचं घालून या म्हणावं. माझी बाही वर सरकेना, ती नर्सबाई बिचारी घामाघूम झाली."

भोंग्याने माईक उचलला. "तुझं नाव घालू का, आक्का?"

"घाल की. नाहीतर तुझं कोण ऐकतंय!"